येतो म्हणायचं नसतं

इंद्रलोक वसाहतीतल्या घरून निघताना आईने कौस्तुभला सगळं पढवलं. "'कसे आहात' विचारू नकोस. चहा नको म्हण. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. मयताच्या घरून नुसतं उठायचं आणि चालू लागायचं."

नवघरला पोचल्यावर कौस्तुभने सगळं बिनचूक केलं. अभिनव, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, भिंतीवर हारात हसत होता. फोटो खरं तर दोघांचा. फ्रेमवाल्याने कौस्तुभला कापलं होतं, पण एक कान राहून गेला होता. आपल्याच कानाला हार घातलेला बघताना चेहरा कसा ठेवायचा, हे आईने सांगितलं नव्हतं.

तो उठला, एका पायात चप्पल घातली, आणि जिभेने घात केला.

"येतो काकू."

अभिनवची आत्या कडाडली, "अरे, काही रीत आहे का? परत याच कारणाने यायचंय या घरी?"

"सॉरी, जातो." हेही बरं वाटेना. "म्हणजे... आहेच मी."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या मिनलकाकूंनी, अभिनवच्या आईने, मान वर केली. "कधी येतोस?"

आता नाही कसं म्हणायचं?

"तेरावं झालं की... रविवारी?" दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यावी तसा तो म्हणाला.

"ये. जेवायलाच ये."

रविवारपर्यंत पाहुणे आपापल्या गावी गेले होते. कौस्तुभपुढे प्रश्न होता, हातात काय न्यायचं? पेढे नेता येत नाहीत, फुलं तर नाहीच नाही. शेवटी त्याने केळी घेतली. केळ्यांना सुखदुःख नसतं.

काकूंनी दार उघडलं. त्याला बघून चेहरा फुलला, आणि नजर सवयीने त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे गेली.

"एकटाच?"

आणि इतके दिवस एकेक शब्द तोलणारा कौस्तुभही सवयीनेच बोलून गेला, "खाली गाडी लावतोय. येतोय."

दोघंही तिथेच उभे राहिले. सॉरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण काकूंनी केळी हातातून घेतली.

"बस तू. वाढते."

त्या आत गेल्या. दार उघडंच होतं. पाहुण्याने उठून लावलं असतं तर ते रीतीला धरूनच झालं असतं. कौस्तुभ बसून राहिला. काकूंनीही लावायला सांगितलं नाही.