बाहेरची कडी

सुताराने आजवर शेकडो दारं बसवली, पण माणसाच्या खोलीला बाहेरून कडी लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आणि आली ती कुणाच्या दारात, तर ज्यांनी त्याच्या हातात पहिल्यांदा पटाशी दिली त्या मिस्त्रींच्या. फाटकाला लांब पट्टीची बिजागरी, झुलत्या दाराला स्प्रिंगची, उचलून काढायच्या दाराला सुट्या पिनेची, हे सगळं त्याने त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. दैव हात धुवून मागे लागतं ते असं.

मिस्त्रींना आता काही आठवत नसे. घराबाहेर पडले की घर सापडत नसे. परवा तर ट्रकखाली येता येता वाचले. मुलगा आणि सून दोघंही कामावर. शेजारी तरी किती लक्ष ठेवणार? मुलाने मान खाली घालून सांगितलं, की दादा, दुसरा इलाज राहिला नाही. सुताराने मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या. मग त्याचे जागरणाने तारवटलेले डोळे पाहिले आणि शिव्या गिळल्या. बोलणाऱ्याचं काय जातं, निस्तरायचं त्या पोराला होतं.

काम सुरू झालं तसे मिस्त्री खोलीतून बाहेर आले. सुताराला त्यांनी ओळखलं नाही, काम मात्र ओळखलं. स्क्रूला आधी साबण लाव म्हणाले, कोयंडा सूतभर खाली घे म्हणाले. सुताराने निमूट घेतला. केस पिकले तरी त्यांच्यापुढे तो उमेदवारच होता.

मग मिस्त्रींनी दार हलवून पाहिलं.

"बाहेरून कडी? आत कोण असतं?"

मुलगा भिंतीकडे बघू लागला. अडगळीची खोली आहे म्हणून सुताराला वेळ मारून नेता आली असती. पण या माणसाशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"एक म्हातारा आहे, मिस्त्री. बाहेर पडला की घर विसरतो. एखाद दिवशी गाडीखाली जाईल."

"अरेरे," मिस्त्री म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "करायचा काय तो?"

"सुतार होता."

"मग तुझी कडी गेली चुलीत. दार आत उघडतंय, बिजागरीची नळी आतल्या बाजूला. खिळ्याने पिना ठोकून काढेल, दार बाजूला ठेवेल आणि जाईल फिरायला. बंद पिनेच्या घाल."

हे सुताराला ठाऊक नव्हतं थोडंच! त्याने मुद्दामच बिजागऱ्यांना हात लावला नव्हता. एवढी एक वाट त्यांना राहू दे, असं त्याच्या मनात होतं. पण तो ट्रक डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने पिशवीतून बंद पिनेच्या बिजागऱ्या काढल्या. त्या बसेपर्यंत मिस्त्रींनी स्वतः दाराला खांदा दिला.

दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय दार सोडायचं नाही, हा मिस्त्रींचा शिरस्ता. ते आपण होऊन आत गेले आणि लाव म्हणाले. मुलाचा हात उठेना. सुताराने कडी सरकवली. आतून धक्के बसले, बिजागऱ्यांवर खिळा वाजला, मग सगळं शांत झालं.

"पक्कं आहे," आतून आवाज आला. "उघड."

त्याने उघडलं. मिस्त्री हात झाडत बाहेर आले आणि त्यांनी सुताराच्या पाठीवर थाप मारली.

"चांगलं झालं काम," ते म्हणाले. "जा, आता घेऊन ये त्या बिचाऱ्याला."