विजयाच्या दिवशी माळ्यावरून उतरलेला बेंजो

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, पण तुमच्या आईवडिलांनी मला नक्की ऐकलं असेल. मी लालबागचा एक जुना बेंजो. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं, असं माझं रूप आहे. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, की मी गाऊ लागतो. शब्द तेवढे मला येत नाहीत.

माझा जन्म माझगावचा. गोदीत सुतारकाम करणाऱ्या दौलत मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका बोटीच्या सागवानी फळीतून मला घडवलं. शेवटचा हात फिरवताना ते म्हणाले, "पाण्यावर खूप हिंडलास, आता रस्त्यावर हिंड." त्यांचे ते शब्द आणि त्यांचा तो खरखरीत तळहात मला अजून आठवतो. मला घ्यायला आला तो दगडू परब. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणाजवळचं. मला छातीशी धरून तो लालबागपर्यंत चालत आला. वाटेत बस होती, पण गर्दीत माझी तार तुटेल अशी त्याला भीती वाटली.

पुढची कितीतरी वर्षं आमची होती. हळदी, गोविंदा, गणपतीची मिरवणूक, काही म्हणून चुकलं नाही. मी हातगाडीवर मध्ये, मागे कर्णे आणि बॅटरी, पुढे ढोल. आणि माझ्या डाव्या अंगाला रघुवीर गवसचा ताशा. रघुवीर भोईवाड्याचा, पण मूळचा तोही मालवणकडचाच. तो ताशा असा वाजवायचा की माझी चाल कुठे वळणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. दगडूची बोटं दमली की तो ठेका जरा सैल सोडायचा, त्याला श्वास घेऊ द्यायचा आणि मग पुन्हा उचलायचा. लोक टाळ्या दगडूला देत, पण दगडू आधी रघुवीरकडे बघे.

निवडणुकांतही आम्ही वाजवायचो. जो बोलावील त्याच्याकडे. पण रघुवीरच्या मनात हळूहळू राजकारण भरत गेलं. चाळींचे, पाण्याचे, घरांचे प्रश्न घेऊन तो मोर्च्यांत जाऊ लागला. एका वर्षी त्याने विरोधी पक्षाचं काम धरलं आणि त्याच वर्षी दगडूने सत्ताधारी पक्षाच्या प्रचारफेरीची सुपारी घेतली.

"तू त्यांच्यात वाजवणार?" रघुवीरने विचारलं.

"वाद्याला कसला आलाय पक्ष?"

"वाद्याला नसेल. माणसाला असतो," असं म्हणून रघुवीरने ताशा गळ्यातून काढला आणि गाडीवर ठेवून दिला. त्यानंतर तो आमच्यात आला नाही. दोघांचं बोलणंही थांबलं.

मग डीजेचे दिवस आले. त्या भिंतीएवढ्या आवाजापुढे माझ्या तारांचं कोण ऐकणार? बोलावणी कमी झाली, मुलं पांगली. दगडूची बायको नलू हिने एका दुपारी मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. तिचा मला राग आला नाही. घर एवढंसं, मी जागा खाणारा. उलट दर दिवाळीला ती चादर झटकायची, म्हणूनच मला वाळवी लागली नाही.

माळ्यावर मला सगळं ऐकू यायचं. गेल्या विधानसभेच्या निवडणुकीत आमच्या भागातून रघुवीर उभा राहिल्याचं तिथेच कळलं. त्याच्यासमोर सत्ताधारी पक्षाचा हितेंद्र साळसकर होता. मतदान करून दगडू घरी आला तेव्हा नलूने विचारलं, "कुणाला दिलंत?"

"रघुवीरला."

"बोलत नाय ना तुम्ही त्याच्याशी?"

"बोलत नाय म्हणून मत पण देऊ नको काय?"

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत टीव्हीवर एकच सूर लागला. सत्ताधारी पक्षाची लाट. हा जिंकला, तो जिंकला, अमक्या जिल्ह्यात सगळेच जिंकले. रघुवीर खूप मतांनी हरला. दगडूने टीव्ही बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर गुलाल सुरू झाला होता.

तेवढ्यात दारात शंतनु आला. हितेंद्रचा कार्यकर्ता, शेजारच्याच चाळीतला. "काका, बेंजो आहे ना अजून? प्लीज नाय म्हणू नका. सगळीकडे आपलेच आलेत, त्यामुळे डीजे नाय, बँड नाय, ठाण्यापर्यंत वाजवणारी एक पण पार्टी फ्री नाय. ढोल-ताशेवाली पोरं कशीतरी जमवलीत. चाल वाजवायला कोणी नाय."

मित्रांनो, मौज बघा. एवढे जण एकदम जिंकले की शहरात वाद्यं पुरेनात, आणि म्हणून माझी आठवण झाली!

दगडूच्या आधी नलूच म्हणाली, "जावा. त्या पेटीला उजेड तरी दिसूदे."

"येतो," दगडू म्हणाला. "पण मिरवणूक भोईवाड्यात न्यायची नाय. तेवढं कबूल कर."

"नाय नेणार काका. परळ नाक्यावरून परत."

मला खाली उतरवलं. चादर सुटली आणि दगडूची बोटं माझ्या बटणांवर फिरली. ती आता जाड आणि ताठ झाली होती. एक तार गंजलेली होती, दोन बटणं चिकटत होती. त्याने थोडं तेल घातलं, तारा पिळल्या, सूर लावला. माझा पहिला सूर बेसूर निघाला आणि दगडू हसला. त्याला हसताना मी फार वर्षांनी ऐकलं.

रस्त्यावर आलो तेव्हा खरं सांगतो, मी सगळ्यांना सगळं माफ केलं. लोक गॅलऱ्यांतून वाकून बघत होते. "अरे, बेंजो!" असं एक म्हातारे गृहस्थ ओरडले आणि चपला न घालताच खाली आले. हितेंद्र मागच्या उघड्या जीपवर हात जोडून उभा होता. पण एक अडचण होती. पोरं ताशा भलताच वेगात बडवत होती. दगडूची बोटं मागे पडायची, चाल तुटायची, घामाने नखी निसटायची. तरी परळ नाक्यापर्यंत आम्ही कसेबसे आलो.

नाक्यावर गर्दीला आणखी चेव आला. कोणीतरी ओरडलं, "चला भोईवाडा! त्याच्या दारात वाजवू!" शंतनु आडवा झाला, "नको रे, शब्द दिलाय," म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतो? गाडी ढकलली गेली आणि वळली. बघता बघता आम्ही रघुवीरच्या चाळीखाली उभे होतो.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रघुवीर एकटाच होता. लेंगा आणि बनियन, चेहरा उतरलेला. खालून आरोळ्या उठल्या, "गेला रे गेला!" एकाने दगडूच्या खांद्यावर थाप मारली. "काका, आता जोरात!"

दगडूने माझ्यावरून दोन्ही हात उचलले.

"वाजवा ना!"

"इथे नाय वाजवणार."

"मग आणलं कशाला तुम्हाला?" कोणीतरी गाडीला लाथ घातली. मी हादरलो. दगडूने मला दोन्ही हातांनी कवटाळलं, अगदी माझगावहून आणताना धरलं होतं तसं. आता आपण फुटणार, असं मला वाटलं. गॅलरी रिकामी दिसली. अपमान सहन न होऊन रघुवीर आत गेला असावा.

पण तो जिन्याने खाली येत होता. त्याला बघून आरोळ्या थोड्या थांबल्या. गर्दीतून वाट काढत तो सरळ गाडीपाशी आला.

"थांबलस कित्याक?" त्याने दगडूला विचारलं.

"तुझ्या दारात नाय वाजवणार."

"मेल्या, मी हरलंय, मरूक नाय. वाजव." मग तो ताशावाल्या पोराकडे वळला. "दे बाळा, इकडे दे तो ताशा. ह्येचो हात आता जड झालो. ह्येका सांभाळून घेवक लागता."

पोराने गळ्यातला ताशा काढून दिला. रघुवीरने तो गळ्यात घातला, काड्या हातात घेतल्या आणि ठेका धरला. संथ, भरदार, दगडूच्या बोटांना झेपेल असा. दगडूने डोळे पुसले की घाम पुसला, मला कळलं नाही. नखी तारेवर आली आणि मी गाऊ लागलो. गणपतीच्या मिरवणुकीतली आमची जुनी चाल. तिच्यात कुणाचा पक्ष नव्हता. बोटं अडली की ताशा थांबायचा, बोटं मोकळी झाली की ताशा धावायचा. आरोळ्या कधी बंद झाल्या ते मला ठाऊक नाही. गॅलऱ्यांतल्या बायका टाळ्यांनी ताल धरत होत्या.

हितेंद्र जीपवरून उतरून पुढे आला आणि त्याने रघुवीरला हात जोडले. रघुवीरने नुसती मान हलवली. "हातात काड्या आहेत. उद्या ये चहाला. पाण्याच्या लाइनीचं बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी हितेंद्र खरंच गेला, असं शंतनु सांगत होता. लाइनीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. निवडणुकीचा निकालही काही बदलला नाही. सत्ता ज्यांची होती त्यांचीच राहिली. मात्र मी पुन्हा माळ्यावर गेलो नाही. नलूने टीव्हीशेजारी माझ्यासाठी जागा केली आणि स्वतःच्या जुन्या साडीची खोळ शिवली. रघुवीर नवी तार घेऊन आला. आता दर रविवारी तो येतो. आपण का हरलो यावर दोघं तावातावाने भांडतात. "तुझी भाषणं लांब," दगडू म्हणतो. "तू त्यांच्यात वाजवलंस," रघुवीर म्हणतो. शेवटी नलू ओरडते, "पुरे झालं, आता वाजवा!"

मित्रांनो, मला घडवणाऱ्या, वाजवणाऱ्या, झटकून ठेवणाऱ्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तुमच्याही घरात एखादं वाद्य मुकं पडलं असेल, तर त्याला खाली काढा. धूळ पुसा, बिघडलं असेल तर दुरुस्त करा. पहिला सूर बेसूर निघाला म्हणून परत ठेवून देऊ नका. आणि ज्याच्याशी तुमचं पटत नाही, त्याच्याशी खुशाल भांडा. पण त्याचा हात जड झाला, तर तुमचा ठेका थोडा हळू करा.