दोघांनी मिळून ऐकायचा स्टेथोस्कोप

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. पण डॉक्टरांच्या गळ्यात नेहमी दिसतो तसा नाही. छातीवर टेकवायची माझी चकती एकच, मात्र कानाला लावायच्या जोड्या दोन. शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने एकाच वेळी एकच हृदय ऐकावं, म्हणून कारखान्यात मला असं घडवलं.

विरार पूर्वेला, फुलपाड्याजवळच्या एका रुग्णालयात मी आलो. तिथले मोठे डॉक्टर भले गृहस्थ, पण शिकवायचे ते भराभर सांगून. इंटर्न, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, माझी दुसरी जोडी कानाला लावून नुसत्या माना डोलवत. ऐकू आलं का, हे कुणी विचारत नसे. पुढे तर मी कपाटातच पडून राहिलो.

मग डॉ. सुहासिनी मॅडम आल्या. त्यांनी मला पुसलं, कानांची रबरी टोकं बदलली. इंटर्नना त्या रोज आधी विचारत, "आज तुम्हाला काय शिकायचंय?" पहिले काही दिवस सगळे "सगळं कळतंय, मॅडम" एवढंच म्हणत.

त्यांतला प्रितेश वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातला. एका सकाळी त्याने मासळी विकणाऱ्या शकूताईंना तपासलं. "पायऱ्या चढले का दम लागते, खोकला पन येते, डॉक्टर. पानी भरायला पन जमत नाय," त्या म्हणाल्या. प्रितेशने छाती ऐकली आणि कागदावर लिहिलं, 'हृदय नॉर्मल'. खोकल्याचं औषध घेऊन त्या निघाल्याच होत्या, तेवढ्यात मॅडमनी त्यांना थांबवून पुन्हा तपासलं. हृदयात वेगळा आवाज होता.

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर याची फजिती होणार. पण मॅडमनी त्याला बाजूला नेलं.

"खरं सांग, तुला काय ऐकू आलं?"

प्रितेशची मान खाली गेली. "मॅडम, असले आवाज मला कधीच कळले नाहीत. कॉलेजपासून नुसतं हो हो म्हणत आलोय."

"सांगितलंस, बरं केलंस. घरी काय काम करतोस?"

"बाबांबरोबर बोटीचं इंजिन बघतो."

"बिघडलंय हे कसं ओळखतोस?"

"आवाजावरून. ठोके नीट पडतात, पण मधेच घरघर येते."

"मग इथेही ऐक: लब, डब, आणि त्या ठोक्यांच्या मधलं."

शकूताईंना विचारून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. दोघांनी मला कानाला लावलं. मॅडम चकती जागेवर धरून राहिल्या. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"आहे! दुसऱ्या ठोक्यानंतर. बारीक घरघर!" प्रितेशचे डोळे चमकले.

तपासणीत हृदयाची झडप अरुंद झालेली निघाली. प्रितेश स्वतः शकूताईंकडे गेला. "ताई, सकाळी माझं चुकलं होतं."

"गावलं ना आता? मंग झालं, बाळा."

मुंबईत उपचार झाले. दोन महिन्यांनी शकूताई न थांबता जिना चढून आल्या. नवीन इंटर्न रीमा मला हातात धरून घुटमळत होती. शकूताई आपणहून पलंगावर आडव्या झाल्या. "ये, बाय. ऐक सावकाश. माझ्यावर शिक."

मित्रांनो, माझ्या नळ्या आता कडक होत चालल्यात; त्यांना पीळ देऊ नका. आणि कुणी "मला कळलं नाही" म्हणालं, तर हसू नका. थोडं थांबा, त्याला पुन्हा ऐकू द्या.