चांगली चादर

प्रदर्शनाच्या पहिल्याच संध्याकाळी माझा धाकटा भाऊ नार्सिस बार्सिलोनाहून आला आणि माझ्या सगळ्यात मोठ्या चित्रासमोर लालबुंद होऊन उभा राहिला. चित्राच्या कोपऱ्यात मी आईने दोऱ्याने भरलेली तिच्या नावाची अक्षरं उघडी ठेवली होती. बाकी सगळीकडे सरस, संगमरवराची पूड आणि चुलीतली राख, थरावर थर.

"ताई, ही आईच्या लग्नातली चादर. डॉक्टर नाहीतर पाद्री घरी आले तरच अंथरायची. तिच्यावर तू चिखल थापलास?"

"थापला."

"लाज कशी वाटत नाही? माझाही हक्क आहे तिच्यावर."

हक्क म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा हक्क कुठल्या बिळात बसला होता? रंग खरवडायची सुरी माझ्या पिशवीत कायम असते. ती मी त्याच्या हातात कोंबली.

"घे तुझा हक्क. खरवड."

लोक बघत होते, त्यामुळे त्याला माघार घेता येईना. तो खरवडू लागला. राख पडली, पूड पडली आणि खाली तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला.

"हा कसला?"

"आईच्या पाठीच्या जखमांचा. धुऊन निघाला नाही. तू येतो म्हणून फोन केलास, तेव्हा तिनं चांगली चादर घालायला लावली. तू आल्याशिवाय बदलू देईना. शेवटी त्याच चादरीवरून तिला उचललं."