तीन खोकी आणि पाच खडू

सातवी ब-च्या पेपरांत कीर्तीने बरोबर उत्तरालाही बरोबर दिलं आणि चुकीच्या उत्तरालाही बरोबर दिलं. दयाळूपणा वगैरे काही नव्हे हं! तिच्या ते लक्षातच आलं नाही. लाल पेन चालत होतं, हात चालत होता, बाई मात्र तिथे नव्हती.

गेले पाच महिने तिचं हे असंच चाललं होतं. मंदार, तिचा नवरा, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. एका मंगळवारी कंपनीच्या बसने कामावर गेला, दुपारी छातीत कळ आली आणि संध्याकाळी दुसऱ्याच गाडीतून घरी आला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. मूलबाळ नाही. चेन्नईतल्या वेलचेरीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आता कीर्ती आणि तिच्या सासूबाई रत्नप्रभाबाई, अशा दोघीच उरल्या. सासरे गेल्यावर सासूबाई नाशिकहून धाकट्या लेकाकडे राहायला आल्या होत्या, आणि आता धाकटाच राहिला नाही.

कीर्ती रडली नाही असं नाही. पहिले तीन दिवस रडली, मग जे थांबलं ते थांबलंच. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. शेअर ऑटोने गिंडीला जायचं, लोकलने मांबलमला उतरायचं, शाळेत शिकवायचं, परत यायचं. कोणी काहीही विचारलं तरी म्हणायचं, "ठीक आहे."

आता बघा, घर एक, गेलेलं माणूस एक, मागे राहिलेल्या बायका दोन. गळ्यात गळे घालून रडल्या असत्या तर पुढचं काही सांगावं लागलं नसतं. पण समाचाराला आलेल्या बायकांनी घोळ घालून ठेवला. एक मावशी म्हणाली, "आईचं दुःख ते आईचं. बायकोचं काय..." आणि तिने जीभ चावली. चावायचीच होती तर आधी चावायची! दुसरी लगेच दुसरं पारडं घेऊन उभी: "असं कसं? हिचं अख्खं आयुष्य पडलंय पुढे. आई काय, पिकलं पान." दोघी समोर बसलेल्या, आणि त्यांच्या दुःखाचा हा असा भाजीबाजार! त्या दिवसापासून दोघींनी तोंडाला कुलूप घातलं. मंदारचं नाव घरात निघेना. आपण आपलं दुःख बोलून दाखवलं तर समोरचीचं हलकं केल्यासारखं होईल, ही धास्ती.

तरी जे करायचं ते दोघी करतच होत्या, पण चोरून. मंदार चेन्नईत आल्यापासून कॉफीवर गेला होता. या दोघी पक्क्या चहावाल्या. रत्नप्रभाबाई अजूनही झोपण्याआधी दोन मजली फिल्टरमध्ये कॉफी पावडर दाबून वर उकळतं पाणी ओतायच्या, आणि सकाळी कीर्ती उठायच्या आत रात्रभर खाली ठिबकलेलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, मोरीत ओतून फिल्टर घासून पालथा घालायच्या. कीर्तीला माहीत होतं. कॉफीचा वास काय घासून जातो?

आणि कीर्ती दर रविवारी खाली पार्किंगमध्ये जाऊन मंदारची मोटारसायकल सुरू करायची. चालवता तिला येत नव्हती. पण बरेच दिवस सुरू केली नाही तर बॅटरी बसते, असं मंदार सांगायचा. मग सुरू करायची, घाईघाईने बंद करायची आणि वर येताना कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची. कुठे गेली होतीस, असं कोणी विचारलंच तर हातात उत्तर पाहिजे ना! विचारत कोणीच नव्हतं, कोथिंबीर मात्र फ्रीजमध्ये पिवळी पडत होती.

नाशिकला थोरले दीर उमाकांत. माणूस वाईट नाही, उलट फार कामाचा; फक्त उंटावरून शेळ्या हाकायची खोड. "आपण सगळं सोपं करून टाकू," हे त्यांचं फोनवरचं पालुपद. आईने नाशिकला यायचं, कीर्तीने साताऱ्याला माहेरी जायचं, फ्लॅट मालकाला परत, मोटारसायकल विकून टाकायची. ज्याचं त्याच्या जागी लावलं की झालं. कीर्ती म्हणाली, "ठीक आहे." रत्नप्रभाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझी तिला अडचण नको." झालं! आईची आणि आपली शनिवार संध्याकाळची तिकिटं काढून उमाकांत मोकळे झाले. सून म्हणेना राहा, सासू म्हणेना राहते. दोघी आपल्या मूग गिळून बसल्या.

अशात गुरुवारी तपासलेले पेपर वाटले, आणि भुवना उभी राहिली. भुवना म्हणजे पहिल्या बाकावरची, तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, आणि शंका फिटल्याशिवाय खाली न बसणारी. ती अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या तमिळमध्ये जे बोलली ते आपल्या भाषेत असं:

"मिस, चौथ्या प्रश्नात मी आठ एक्स लिहिलं. तुम्ही बरोबर दिलंत. यामिनीने तीन एक्स अधिक पाच लिहिलं. तिलाही बरोबर दिलंत. दोन्ही कसं बरोबर?"

कीर्तीने पेपर हातात घेतला. दोन एक्स अधिक पाच अधिक एक्स, याला सोपं रूप द्या. सजातीय पदं तेवढी एकत्र करायची, एवढाच धडा. बीजगणितातला पहिला धडा! तिने मागच्या बाकावरचे पेपर मागवले. अर्ध्या वर्गाने आठ एक्स लिहिलं होतं आणि त्या अर्ध्या वर्गालाही बाईंनी डोळे मिटून बरोबरची खूण केली होती. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही; वाटायला हवी एवढं फक्त कळलं.

"आठ एक्स चूक," ती म्हणाली. "भुवना, तू का लिहिलंस?"

"मध्ये अधिक राहिलं होतं, मिस. बेरीज करायची बाकीच राहिली असं वाटलं. आमची पाट्टी म्हणते, काम अर्धं टाकून उठू नये."

वर्ग हसला. भुवना काही विनोद करत नव्हती, तिची आजी खरोखरच तसं म्हणत असणार. कीर्तीने टेबलाच्या खणातून खडूची तीन नवी खोकी काढली, एकाच कारखान्याची, वरचा कागदही न फाडलेली. दोन एका बाजूला ठेवली, एक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पाच सुटे खडू.

"एका खोक्यात किती खडू आहेत?"

कोणी म्हणालं दहा, कोणी म्हणालं बारा, एक पोरगी तर शंभरावर गेली.

"माहीत नाही," कीर्ती म्हणाली. "पण तिन्हींत सारखे आहेत. ते जितके असतील, तो आपला एक्स. मग दोन खोक्यांतले आणि एका खोक्यातले मिळून किती?"

"तीन खोक्यांतले!"

"न उघडता कळलं ना? आणि हे पाच मिळवले तर?"

"आठ खोकी," मागून कोणीतरी म्हणालं आणि स्वतःच चपापलं. पाच खडूंची पाच खोकी कशी होतील?

"मिस, खोकं फोडून मोजू या की!" भुवना म्हणाली.

"फोडायचं नाही."

"मग उत्तर काय?"

"तीन खोकी आणि पाच खडू."

"हे काय उत्तर झालं? तो तर प्रश्नच झाला, मिस!"

इतर कोणत्याही वर्षी कीर्ती यावर खुदकन हसली असती. आता हसू आलं नाही. तीन खोकी तिने एकमेकांना चिकटवून ठेवली, पाच खडू त्यांच्या शेजारी ओळीने लावले.

"जेवढं एकत्र होतं तेवढं करायचं," ती म्हणाली. "जे होत नाही ते तसंच शेजारी ठेवायचं. जबरदस्तीने एक केलं तर दोन्ही चुकतं. मधलं अधिक पुसायचं नाही. तेच पुरतं उत्तर आहे."

"अर्धं नाही?"

"अर्धं नाही."

भुवना बसली, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं. कीर्तीने सगळे पेपर परत गोळा केले आणि पुन्हा तपासले. संध्याकाळी लोकलमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. आपणच काय बोललो ते तिला आठवत होतं, पण दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं.

शुक्रवारी ती घरी आली तर उमाकांत आलेले. हॉलमध्ये दोन मोठी खोकी उघडी, हातात चिकटपट्टी. स्वयंपाकघरातली भांडी त्यांनी जमिनीवर मांडली होती. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्याचा त्यांना आज फार उपयोग झाला. 'सौ. रत्नप्रभा' नाशिकच्या खोक्यात. 'चि. सौ. कां. कीर्ती' साताऱ्याच्या खोक्यात. पातेली, वाट्या, डाव, सगळं खणखण करत आपापल्या बाजूला पडत होतं. मंदारचा जेवणाचा डबा आला. त्यावर दुकानदाराने तमिळ अक्षरांत नाव घालून दिलेलं, ते उमाकांतना वाचता येईना.

"हा कोणाचा?"

रत्नप्रभाबाई पदर सावरत आत गेल्या. उमाकांतना उमगलं, त्यांनी डबा खाली ठेवला, थोडा वेळ चिकटपट्टीचं टोक शोधत बसले. भाऊ त्यांचाही होता. मग ओट्यावरचा फिल्टर उचलून त्यांनी चारी बाजूंनी पाहिला.

"आणि याच्यावर तर नावच नाही. नाशिकचा की साताऱ्याचा?"

फिल्टर पुन्हा ओट्यावर गेला.

"चला, सोपं झालं बरंचसं," उमाकांत म्हणाले.

"ठीक आहे," कीर्ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. जमिनीवर बांधलेली खोकी, आणि त्यांच्यातून वाट काढून मोरीपाशी उभ्या रत्नप्रभाबाई. जायच्या आदल्या रात्रीसुद्धा बाईंनी कॉफी लावली होती! हातात फिल्टर, खालचा भाग डिकॉक्शनने भरलेला, आणि हात मोरीवर कलता.

"ओतू नका," कीर्ती म्हणाली.

रत्नप्रभाबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. "अगं, काही नाही, सवयीने..."

"असू द्या. ओतू नका."

"कोण पिणारे? तुला आवडत नाही, मला आवडत नाही."

"नाही आवडत. तरी असू द्या ओट्यावर."

त्यांनी फिल्टर खाली ठेवला. दोघींच्या मध्ये दोन खोकी होती आणि कोणीच पुढे येत नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कीर्तीला काहीतरी धड दुखलं, आणि तिला बरंच वाटलं.

"आई, तुम्ही जाऊ नका."

"राहून काय करू गं इथे? तुझं तू बघ. माझं दुःख माझं, तुझं तुझं. एक का होतं ते?"

"नाही होत एक," कीर्ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "नाही तर नाही. मला तुमचं मोजायचं नाही, माझं तुम्ही मोजू नका. तुम्ही त्याच्यासाठी कॉफी लावा, मला त्यातलं काही येत नाही. पण दार लावून एकटीने लावू नका. मला भीती वाटते हो, तुम्ही गेलात की त्याला ओळखणारं या घरात कोणी राहणार नाही."

रत्नप्रभाबाईंनी तोंडावर पदर घेतला. रडणं आलं ते दोघींनाही आलं, आपापल्या जागी उभ्या उभ्याच. कोणी कोणाला समजावलं नाही.

आवाजाने उमाकांत उठून आले. डोळे चोळत ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं पण तिकिटं काढलीत! कीर्ती, तू तर ठीक आहे म्हणालीस!"

"ठीक नव्हतं, दादा."

"माझं एक रद्द होतं का बघ," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तू जा हो तुझ्या गाडीने."

"आणि पुढे काय? दोघींनी असं किती दिवस राहायचं?"

"माहीत नाही," कीर्ती म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

"आत्ता एवढंच आहे."

उमाकांत कुरकुरले, पण कात्री त्यांनी स्वतःच शोधून आणली आणि नाशिकच्या खोक्याची पट्टी कापायला बसले.

कीर्तीने गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं, तेव्हा मागून रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "कीर्ती, एक सांगू?"

"सांगा ना."

"रविवारी तू खाली त्याची गाडी सुरू करतेस ना, ती अशी लगेच बंद करत जाऊ नकोस. मी वर गॅलरीत उभी असते. जरा वेळ चालू दे. तो आल्यासारखं वाटतं."

कीर्तीने गॅस बंद केला. खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली घेतली. रविवार उद्या होता, तरी ती तशीच जिना उतरून खाली गेली.