घरचा पिस्टन बाजारात

वर

पोळ्याच्या रांगेत घनश्यामची जागा तिसरी, आज्यापासूनची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यानं बैलजोडी विकली आणि जागाही सोडतो म्हणाला. पोरगी सुरभी म्हणाली, सोडायची नाही. बैल नाहीत तर तुमची राजदूत फटफटी उभी करू. वावरात डबा नेला तिनं, कापसाची गाठोडी वाहिली तिनं, मग ती काय बैलापेक्षा कमी?

देवसिंगची जोडी रांगेत चौथी. म्हणजे फटफटीच्या बरोबर मागं.

"घनश्यामभाऊ," तो म्हणाला, "तुमची राजदूत बोंबलल्याबिगर जित्ती राह्यते का? माहे बैल बुजले तं तोरण शिंगात घेऊन गावभर धावतीन!"

खोटं नव्हतं. रेस कमी केली की ती दोन आचके देऊन मरायची.

"अन् हळू चालली तं, काका?" सुरभीनं विचारलं.

"ढकलल्याबिगर आली, बैलाच्या चालीनं चालली, तं जागा तुमची. नाही तं बाजूले व्हायचं. कायमचं."

"मंजूर."

"अवं, मले तं विचार!" घनश्याम म्हणाला.

खाली

सुरभीचं बाभुळगावात गॅरेज आहे. तिनं इंजिन खोललं. सिलिंडर चांगला, पिस्टन चांगला. गेल्या होत्या त्या रिंगा: पिस्टनच्या खाचांत बसणारी लोखंडी कडी, सिलिंडरला चिकटून दाब धरणारी. कडी झिजली की दाब निसटतो, आणि दाब निसटला की हळू चालणं संपलं.

तिनं राजदूतच्या रिंगा मागवल्या. पाकिटावरचा नंबर बरोबर. खाचेत बसवल्या, तेल लावलं, सिलिंडर वरून सरकवला. अडला. थोडा जोर दिला.

टक्.

वरची रिंग तुटली होती.

पोळा परवावर.

वर

शिवी नाही दिली. (दिली. एकच.)

मग तिनं पिस्टन उजेडात धरला. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला प्रत्येक खाचेत एक बारीक खुंटी असते. रिंगेची दोन टोकं त्या खुंटीशी येऊन थांबतात, म्हणजे रिंग फिरत नाही. फिरली तर टोक सिलिंडरच्या भिंतीतल्या, धूर-हवा जायच्या खिडकीत अडकून मोडतं. या पिस्टनची खुंटी जाड होती. तिला जागा द्यायला रिंगेच्या टोकांना आतून कोरलेलं हवं. नव्या रिंगेची टोकं सरळ. ती खुंटीवरच चढून बसली, मिटलीच नाही.

"बाबा, हा पिस्टन राजदूतचा नाहीच."

"नसन. कोण्या जमान्यात त्या वणीच्या मिस्त्रीनं बसवला होता. चालली ना येवढे वर्षं?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?"

खाली

ती ओट्यावर बसून राहिली. आणि आठवलं ते असं: एक बैल मेला की बाबा दुसऱ्याच्या शोधात एकटे जायचे नाहीत. उरलेल्याला दोरीनं धरून बाजारात न्यायचे. उंची, शिंगं, चाल, खांदा, सगळं त्याच्या शेजारी नवा उभा करून बघायचे. घरी मापं घेऊन कधी कोणी जोडी लावली आहे?

आणि तिनं पाकिटावरचा नंबर वाचून लावली होती.

वर

यवतमाळ. दुकान पहिलं: नाही. दुसरं: नंबर सांगा. तिसरं: एवढं जुनं कोण ठेवते, मॅडम. चौथं धर्मपालचं, जुन्या सुट्या भागांचं.

"नंबर?"

"नंबर नाही, दादा. पिस्टन आणला." तिनं दुपट्ट्यात बांधलेला पिस्टन सोडला.

"पोरगी पाहायले आणल्यावाणी आणला की!" धर्मपाल हसला आणि बिनपाकिटाच्या रिंगांचा आख्खा डबा तिच्यापुढं उपडा केला. "घे. तूच जमव लग्न."

एक खुंटीवर चढली. एक खाचेत खुळखुळली. एक छान वाटली, पण खाचेभोवती गोल फिरवून पाहिली तर मधेच अडायची. दुपार उतरली. मग एक जोडी, गंजाचा हात फिरलेली, टोकं आतून कोरलेली. बोटानं दाबली. टोकं खुंटीला दोन्हीकडून बिलगली आणि रिंग पिस्टनच्या अंगासरशी मिटली.

"जमलं," धर्मपाल म्हणाला.

"पत्रिका जमली. घरी सासर पाहू द्या."

खाली

सासर म्हणजे सिलिंडर. तिनं नुसती रिंग आत ठेवली, पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकलली, टोकांमधल्या फटीत मापाची पातळ पट्टी घालून पाहिली. फट जरा कमीच. इंजिन तापलं की रिंग फुगणार, टोकं एकमेकांवर आदळणार, जाम. बारीक कानशीचे दोन हात. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. आणखी दोन हात. जास्त घासलं तर दाब निसटणार आणि डब्यात तशी दुसरी नव्हती.

मग पट्टी शिरली. चिकटून, पण शिरली.

सिलिंडर सरकवला, या वेळी जोर न देता.

टक् आलं नाही.

वर

तोरण. डफडं. झुलींचे आरसे. राजदूतच्या हेडलाइटला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू. मागं देवसिंगचे दोन पांढरे डोंगर.

"मार किक, पोरी," घनश्याम सीटवरून म्हणाला, "माहा गुडघा नाही चालत."

सुरभीनं पाय ठेवला. पेडल खाली जाईना. दाब! तिला हसू आलं. सगळं वजन टाकलं.

टप्.

टप् टप्.

वर खाली वर खाली

रेस सोडली. मेली नाही. टप्, टप्, टप्, म्हाताऱ्या माणसानं काठी टेकत यावं तशी. देवसिंगच्या बैलानं एक कान हलवला, मान लांब केली, आणि मागच्या सीटवर बाबांनी ठेवलेली सरकीच्या पेंडीची ढेप तोंडात धरली.

"अरे, खाऊन राह्यला तो!" गर्दीतून कोणी ओरडलं.

खाऊ द्या. चालू द्या. क्लच सुटला, फटफटी बैलाच्या चालीनं निघाली आणि तोरणाची आंब्याची पानं घनश्यामच्या फेट्याला घासून गेली.

"झडती!" लोक ओरडले. "जागा घेतली तं झडती म्हणा लागते!"

घनश्यामनं पोरीकडं बोट दाखवलं. बाईनं झडती, म्हणजे पोळ्यातलं ते चढाओढीचं कडवं, म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. सुरभीनं ग्रीसचा हात ओढणीला पुसला.

"लोखंडाचा गोऱ्हा माहा, नाही मागत ढेप,
त्याची खाल्ली देवसिंगच्या बैलानं, आता कोणाची झेप?"

झडतीवरच्या गजरात सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, आवाज देवसिंगचा निघाला:

"हर बोला हर हर महादेव!"