पहिला तुकडा

पूर्वा धाकटी जाऊ म्हणून आमच्या घरात आली त्याला जेमतेम आठ महिने झाले, आणि यंदा नाताळचा केक तीही करणार म्हणे. खराडीच्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई! अंड्याचं टरफल आत पडलं तर काढायचं कसं, तेही मोबाइलला विचारेल.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर आहे. नाताळात कितीही ड्युट्या लागोत, केक माझाच. उपासनेहून आलो की सासूबाई प्रार्थना करतात आणि पहिला तुकडा माझ्या केकचा खातात. या घरात माझी म्हणून तेवढीच एक जागा. तीही जाणार, या विचाराने माझा नुसता जळफळाट चालला होता.

आमच्याकडे नाताळचा केक घरी भाजत नाहीत. मिश्रण डब्यात ओतायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि कॅम्पातल्या बेकरीच्या भट्टीत द्यायचा. चोवीस तारखेला पूर्वाचा फोन. "ताई, मीटिंग संपतच नाहीये. माझाही डबा आणाल का, प्लीज?" आणते की. हमालच आहे मी.

बेकरीच्या बाकावर दोन्ही डबे शेजारी शेजारी, अगदी एकसारखे. तिचा केक मस्त फुगून वर आलेला. माझा मधोमध बसलेला. रागारागात फेटल्यावर दुसरं काय होणार? इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठ्या बदलल्या. हात जराही कापला नाही. इंजेक्शन देणारा हात आहे.

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेब मेंढपाळांच्या आनंदाबद्दल बोलत होते. माझं सगळं लक्ष पूर्वाच्या नव्या साडीकडे.

घरी आल्यावर डबे टेबलावर मांडले. आपल्या नावाचा बसका केक पाहून पूर्वाचं तोंड एवढंसं झालं. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण बरं काही वाटेना.

प्रार्थना झाली. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचा पहिला नाताळ. आधी तिचा खाते." त्यांनी घास चावला, थांबल्या.

"हा शालनचा आहे. जायफळ बघा किती घातलंय! वीस वर्षं सांगतेय, कमी घाल." मग त्याचाच दुसरा तुकडा उचलला. "पण याच्याशिवाय मला नाताळ झाल्यासारखा वाटत नाही."

"अय्या, बेकरीत चिठ्ठ्या बदलल्या वाटतं!" पूर्वा म्हणाली. "सॉरी हं ताई, तुमचा केक उगाच माझ्या नावावर गेला."

पोरगी माझीच माफी मागत होती.

"बेकरीत नाही," मी म्हणाले. "मी बदलल्या. तुझा छान फुगला होता म्हणून."

पूर्वाचे डोळे भरले. सासूबाईंनी सुरी माझ्या हातात दिली.

"आता तिचा काप. आणि पहिला तुकडा तू खा. सगळ्यांसमोर."

मी कापला, खाल्ला. हलका, मऊ, जायफळ अगदी बेताचं.

"कसा झालाय?" पूर्वाने हळूच विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला झालाय," मी म्हणाले, आणि हे म्हणताना मेलं मलाच रडू आलं.